नारायण विनायक जगताप कोण होते?



गणपती जवळ आलेत. वर्गणीची पावतीपुस्तकं निघाली, डेकोरेशनच्या बैठका सुरू झाल्या. त्या निमित्ताने एक जुनी हकिकत सांगतो. शेवटी आपल्या कामथडीच्या मंडळांकडे एक मागणं आहे, तेवढं वाचा.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखक नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग कळलं, की हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णु नारळीकर! ज-वि-ना ही आद्याक्षरं उलटी करून ना-वि-ज केली होती. अक्षर कुणी ओळखू नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हातची लिहून पाठवली होती.

विचार करा. केंब्रिजला फ्रेड हॉइल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडलेला, २६व्या वर्षी पद्मभूषण मिळालेला माणूस. नुसतं नाव टाकलं असतं तरी वजन पडलं असतं. पण त्यांना कथा कथेच्याच बळावर उभी राहते का, हे बघायचं होतं. म्हणजे हाही एक प्रयोगच झाला. त्यांचे गुरू हॉइलसुद्धा विज्ञान कादंबऱ्या लिहायचे. पुढे नारळीकर मराठीत लिहीत राहिले, आणि २०२१च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले.

आता आपल्या गावातली गोष्ट. मी संध्याकाळी आठवी-नववीच्या पोरांची शिकवणी घेतो. पोरं व्याख्या घडाघडा म्हणतात, पण "का?" विचारलं की खाली बघतात. दहावीनंतर "सायन्स आपल्याला झेपायचं नाय" म्हणून मोकळी होतात. त्यात हुशार पोरंही असतात, याचं जास्त वाईट वाटतं.

मागच्या वर्षी गणपतीत मी त्यांना नारळीकरांची 'उजव्या सोंडेचा गणपती' ही कथा सांगितली. डावं ते उजवं कसं होईल, यावर ती बेतलेली आहे. गोष्ट संपल्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापल्या. पट्टीला अर्धा पीळ देऊन टोकं चिकटवली आणि पेन न उचलता मधोमध रेघ मारायला लावली. रेघ कागदाच्या दोन्ही बाजूंनी फिरून निघाली तिथंच आली! कागदाला एकच बाजू उरली होती. पोरं अर्धा तास पट्ट्याच करत बसली. कधी तोंड न उघडणारी एक मुलगी म्हणाली, "सर, पट्टीवरचा गणपती उलटा होईल, पण आपण तर कागदासारखे सपाट नाही. मग आपल्याला कशातून फिरावं लागंल?"

मी गप्प झालो. पुस्तकात हा प्रश्न नाही. पण हाच खरा प्रश्न, आणि तो गोष्टीने काढला.

गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे, हे पोरांना सांगायलाच हवं. गोष्ट प्रश्नापर्यंत आणून सोडते, पुढं हातानं करून बघावं लागतं. नारळीकर हेच करायचे. शाळकरी मुलांनी सही मागितली की म्हणायचे, पोस्टकार्डावर विज्ञानाचा एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. पुण्यात त्यांनी उभ्या केलेल्या आयुकात मुलांसाठी शनिवारी व्याख्यानं ठेवली. २० मे २०२५ रोजी ते गेले. आता ती पोस्टकार्डं कुणाला पाठवायची?

म्हणून मागणं एवढंच. यंदा दहा दिवसांतली एक संध्याकाळ आरतीनंतर विज्ञानकथेला द्या. साउंड लागत नाही, एक वाचणारा आणि कागदाच्या पट्ट्या पुरतात. वाचायला मी येतो, फुकट येतो. पोरांनी विचारलेले प्रश्न मंडपातल्या फळ्यावर लिहून ठेवू. उत्तर आलं नाही तरी विसर्जनापर्यंत पुसू नका.

गणपती बाप्पा मोरया!