दहावीची मार्कशीट आणि ईसीआरचा शिक्का

अमरावती विभागीय मंडळाची दहावीची मार्कशीट अकरावीच्या प्रवेशाला लागते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. अकोला, बाळापूर, अचलपूर, बडनेरा इथल्या अनेक घरांना तिचा आणखी एक उपयोग माहीत आहे. पासपोर्टच्या अर्जाला ती जोडली, तर पासपोर्टवर 'ईसीआर' हा शेरा येत नाही. दहावी झालेली नसेल आणि सूट मिळण्याचे दुसरे कारणही नसेल, तर तो येतो. एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे हा माणूस कामासाठी ठराविक १८ देशांपैकी कुठे निघाला तर आधी सरकारने त्याचे कागद तपासायचे. या १८ देशांपैकी १३ अरबी बोलणारे आहेत. सौदी, कुवेत, कतार, ओमान, बहारीन, अमिराती तर त्यात आहेतच. शिवाय इराक, जॉर्डन, लेबनॉन, लिबिया, सुदान, सीरिया आणि येमेन.

हा शिक्का आला कुठून? त्याचा कायदेशीर वंश दीडशेहून अधिक वर्षांचा आहे. त्यामागची कल्पना मात्र त्याहून जुनी आहे, आणि तिच्या दोन ठळक खुणा वऱ्हाडातच सापडतात.

तेव्हा प्रवासाची दिशा उलटी होती. वऱ्हाडी माणूस अरबस्तानात जात नव्हता, अरब माणूस पगारासाठी वऱ्हाडात येत होता. नागपूरकर भोसल्यांच्या आणि निजामाच्या फौजांत अरब शिपाई होते. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला ईस्ट इंडिया कंपनीचा सेनापती आर्थर वेलस्ली याने भोसले-शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. त्या लढाईत अरबांची एक तुकडी गोऱ्या पलटणींवर तुटून पडली आणि जवळजवळ सगळी कापली गेली. वेलस्लीच्या अहवालात त्यांची नोंद 'बहुधा पर्शियन' अशी आहे. ती माणसे कोणत्या मुलखाची होती, हेही मारणाऱ्याला नीट माहीत नव्हते. परमुलखात चाकरीला गेलेल्या माणसाच्या वाट्याला येणारी ही अनोळख मला त्या लढाईच्या निकालापेक्षा जास्त सलते.

१५ डिसेंबरला गाविलगड पडला. १७ तारखेला अचलपूरजवळ देवगावला भोसल्यांशी तह झाला, आणि ३० डिसेंबर १८०३ रोजी सुर्जी-अंजनगावला शिंद्यांशी. दोन्ही तहांची चर्चा होते ती गेलेल्या मुलखासाठी. त्यांतले एक कलम मात्र फारसे कोणी वाचत नाही. कंपनीचा कोणीही प्रजाजन, गोरा असो की हिंदी, कंपनीच्या संमतीशिवाय या दरबारांनी चाकरीला ठेवायचा नाही, असे ते कलम सांगते. आपल्या प्रजेने दुसऱ्याच्या राज्यात चाकरी करायची तर सरकारची परवानगी हवी, हा नियम अमरावती जिल्ह्यातल्या या दोन गावांत कागदावर उतरला.

पुढची खूण मलकापूरची. डिसेंबर १८१७ मध्ये नागपूर शहर भोसल्यांच्या अरब शिपायांनी इंग्रजांविरुद्ध लढवले. महिन्याच्या अखेरीस त्यांनी ते सोडले, ते ठरलेल्या अटींवर. बायकामुले आणि चीजवस्तू सुरक्षित राहील, एक इंग्रज अधिकारी मलकापूरपर्यंत सोबत येईल, तिथून हवे तिकडे जावे, फक्त असीरगडावर जायचे नाही. कुठपर्यंत संरक्षण, कुठे मोकळीक आणि कुठे बंदी हे सारे सरकार ठरवणार! संरक्षण आणि रोखणूक एकाच कागदावर, हे आजच्या शिक्क्याचेही लक्षण आहे. हे तह त्याचे थेट पूर्वज आहेत असे मी म्हणणार नाही, पण घराण्याची चेहरेपट्टी लपत नाही.

कायद्याची वाट वेगळ्या बाजूने आली. मॉरिशस, गयाना, नाताळ इथल्या ऊसमळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर जाऊ लागले, आणि त्यांच्यासाठी बंदरांवर 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' नेमले गेले. वऱ्हाडातून मात्र कोणी फारसे गेले नाही, कारण इथे उलट बाहेरून लोक येत होते. कापसाला भाव होता, रेल्वे होती, अकोला-अमरावतीच्या बाजारात मारवाडी आणि कच्छी पेढ्या उघडत होत्या. 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' असे म्हणणाऱ्या मुलखाला समुद्रापलीकडे बघायची गरज नव्हती. कोकणी माणसाला मुंबईची आणि बोटीची सवय पिढ्यान्‌पिढ्या होती. आखाताची वाट कोकणाला आधी का दिसली आणि वऱ्हाडाला उशिरा का, याचे उत्तर इथे आहे.

पण त्या मजुरांचा प्रश्न वऱ्हाडाला परका नव्हता. मार्च १९१२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात करारबद्ध मजुरीची पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारी मतांनी तो पडला. त्याच डिसेंबरात गोखले दक्षिण आफ्रिकेहून परतले आणि बांकीपूरला काँग्रेस भरली. तिचे अध्यक्ष होते अमरावतीचे वकील रघुनाथ नरसिंह मुधोळकर. पुढे महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, करारबद्ध मजुरांची रवानगी थांबली. त्याच युद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी कूतला शरण गेलेल्या फौजेत १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. मराठी माणूस एवढ्या मोठ्या संख्येने अरबी मुलखात पोचला, तो असा.

१९२२ च्या एमिग्रेशन कायद्याने अकुशल मजुराचे परदेशी जाणे मुळातच बेकायदा ठरवले. सरकार जाहीर करील त्याच देशांत आणि त्याच अटींवर जायचे. हेतू चांगला होता, मळ्यांतल्या छळाला आळा घालण्याचा. पण माणसाची कुशल आणि अकुशल अशी विभागणी तिथे पक्की झाली.

१९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि आखातात रस्ते, बंदरे, तेलशुद्धीकरणाचे कारखाने उभे राहू लागले. १९६० च्या दशकापर्यंत त्या किनाऱ्यावर आपला रुपया चालत असे. आता तिथला दिनार-रियाल इकडे येऊ लागला. गवंडी, वेल्डर, सुतार, ड्रायव्हर यांची मागणी वाढली आणि मळ्यांसाठी केलेला कायदा तोकडा पडला. १९८३ चा नवा कायदा अमलात आला तो ३० डिसेंबरला, सुर्जी-अंजनगावच्या तहाला बरोबर १८० वर्षे झाली त्या दिवशी. हा निव्वळ योगायोग, पण वऱ्हाडी माणसाने लक्षात ठेवावा असा. या कायद्याने एजंटांना नोंदणी सक्तीची केली, आणि मंजुरीतून कोणाला वगळायचे याच्या याद्या निघाल्या. त्यांत शिक्षण हा मोठा निकष झाला. आधी पदवी होती, मग तो खाली येत या शतकाच्या पहिल्या दशकात दहावीवर थांबला. २००७ पासून तर शिक्का नसणे हीच सूट. पासपोर्ट कोरा म्हणजे माणूस मोकळा.

माझा आक्षेप या कोरेपणावर आहे. ईसीआर असलेल्याची फाइल आजही त्याच नावाच्या अधिकाऱ्याकडे, प्रोटेक्टरकडे, जाते. नोकरीचा करार बघितला जातो, एजंटाच्या सेवाशुल्काला ३०,००० रुपये अधिक कर अशी मर्यादा लागते, १० लाखांचा प्रवासी भारतीय विमा उतरवावा लागतो. दहावी झालेला मुलगा त्याच साइटवर, त्याच उन्हात, त्याच कफीलकडे, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाकडे, शटरिंगचे काम करायला जातो, तेव्हा यातले काहीच सक्तीचे नसते. तो गेला याची नोंदही प्रोटेक्टरच्या दफ्तरात होतेच असे नाही. आझाद व्हिसा, म्हणजे एका मालकाला न बांधलेला व्हिसा, म्हणून एजंटाने हातात दिलेला कागद खरा आहे का, पगार ठरला तोच मिळेल का, इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, वेळेवर होईल का, हे त्याने एकट्याने बघायचे. बापाने कापूस विकून मुलाला दहावी केले, आणि त्या मार्कशीटने अडथळ्याबरोबर आडोसाही काढून घेतला.

अडथळाही खोटा नाही. तो टाळण्यासाठी माणसे पर्यटक व्हिसावर निघतात आणि तिथे पोचून कामाला लागतात. मग अडचण आली तर दाद मागायला करारच नसतो. शिक्क्यात अपमानही आहे. जानेवारी २०१८ मध्ये सरकारने ईसीआर पासपोर्टला नारिंगी वेष्टन द्यायचे ठरवले. शिक्षण कमी असलेल्यांना रंगाने वेगळे काढू नका, अशी ओरड झाली, केरळात सर्वांत मोठी, आणि महिना संपण्याआधीच निर्णय मागे घेतला गेला. ती ओरड रास्त होती. पण शिक्का राहिला, आणि शिक्का नसलेल्यांचे उघडेपणही राहिले.

मार्ग नाही असे नाही. २०१५ मध्ये परिचारिकांच्या भरतीत एजंटांनी लाखो रुपये उकळल्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा सरकारने ठरवले की या १८ देशांत जाणाऱ्या परिचारिकेला, तिचा पासपोर्ट कोरा असला तरी, मंजुरी लागेल आणि तिची भरती ठरवून दिलेल्या सरकारी संस्थांमार्फतच होईल. तिथे निकष शिक्षणाचा राहिला नाही, कामाचा झाला. गवंडी, फिटर, ड्रायव्हर, घरकामाची बाई यांच्यासाठीही तो कामाचाच व्हायला हवा. दहावी झाली की नाही हे विचारण्याऐवजी कोणाकडे, किती पगारावर, कोणत्या करारावर हे विचारावे. तो करार निघण्याआधी मराठीत वाचून दाखवणारे कोणी अकोल्यात, अमरावतीत असावे. पासपोर्टचे अर्ज आता इथल्या टपाल कार्यालयांत घेतले जातात. त्याच खिडकीशेजारी हे काम सुरू करता येईल.