फ्लशची टाकी गळतेय? मिस्त्री बोलावण्याआधी घरीच हे करून बघा

भूम : रात्री मोटार लावून गच्चीवरची टाकी भरली आणि सकाळी नळाला पाणीच नाही, असं होत असेल तर आधी संडासातली फ्लशची टाकी बघा. पाईप फुटला की दिसतो. ही टाकी मात्र आवाज न करता गळते.

हिशोब साधा आहे. टाकी 10 लिटरची धरा. दोन तासांत तेवढं पाणी झिरपत असेल तर दिवसाला 120 लिटर गेलं, म्हणजे 20 लिटरचे सहा जार! जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज 55 लिटर पाणी धरलेलं आहे. दोन माणसांच्या वाट्याचं पाणी असंच वाहून जातं. 2016 मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तो आपला पट्टा आहे. शिवाय हे सगळं पाणी शोषखड्ड्यात जातं. काळ्या मातीत ते लवकर जिरत नाही आणि खड्डा वेळेआधी भरतो.

गळती नेमकी कुठे, ते आधी ओळखा. झाकण काढून टाकीत थोडी शाई किंवा खायचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर टाकीचं पाणी भांड्यात झिरपतंय हे नक्की. टाकीत मधे उभी नळी असते, तिच्या तोंडातून पाणी आत पडत असेल तर दोष फ्लोटचा. नळी कोरडी असेल तर तळाचा रबरी वायसर गेलाय.

फ्लोटचं काम सोपं. तो हाताने वर उचला. पाणी थांबलं तर फक्त पातळी कमी करायची आहे: फ्लोटचा स्क्रू फिरवा, जुन्या पद्धतीचा गोळा असेल तर त्याची दांडी किंचित खाली वाकवा. पाणी नळीच्या तोंडाखाली इंचभर राहिलं पाहिजे. गोळा हलवून बघा, आत पाणी खळखळलं तर तो बदलायचाच. फ्लोट उचलूनही पाणी थांबत नसेल तर व्हॉल्वमध्ये कचरा किंवा क्षार अडकलाय.

वायसरसाठी आधी भिंतीजवळचा अँगल कॉक बंद करा आणि फ्लश करून टाकी रिकामी करा. बटणवाल्या बऱ्याच टाक्यांत मधला व्हॉल्व थोडा फिरवला की वर निघतो. जोर लावू नका, प्लास्टिकचे खाचे तुटतात. बोअरच्या जड पाण्याने वायसरवर पांढरा थर बसतो. पुष्कळदा वायसर चांगला असतो, थरामुळे तो नीट बसत नाही एवढंच. लिंबूसत्वाच्या पाण्यात तासभर ठेवून मऊ कापडाने पुसा. रबर कडक झालं किंवा चिरलं असेल तर जुना वायसर सोबत घेऊनच दुकानात जा. नुसतं माप सांगून आणलेला वायसर हमखास दुसराच निघतो.

टाकीत संडास धुण्याचं ॲसिड ओतू नका, रबर आणि आतले भाग खराब होतात. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर तर कधीच एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद संडासात तो जिवावर बेतू शकतो.

बाहेरून थेंब पडत असतील तर कनेक्शन पाईपचा नट बघा. तिथे आत रबरी वायसर असतो, नुसती टेफ्लॉन टेप गुंडाळून भागत नाही. वायसर बदला आणि नट हाताने घट्ट करून पान्याने जेमतेम पाव फेरा द्या. टाकीलाच चीर गेली असेल तर एम-सील लावून काही दिवस निघतात, पण पुढे नवीन टाकीच घ्यावी लागते.

काम झाल्यावर कॉक उघडा, टाकी भरू द्या आणि रंगाची परीक्षा पुन्हा घ्या. टाकी भिंतीत बसवलेली असेल तर मात्र स्वतः उघडायच्या भानगडीत पडू नका. कॉक बंद ठेवा, बादलीने पाणी टाका आणि मिस्त्रीला बोलवा.