अ‍ॅम्स्टरडॅमच्या नकाशातले गोवे

जुने नकाशे म्हटले की डोळ्यांसमोर येतात ते डच नकाशे. कोपऱ्यात वेलबुट्टीची चौकट, समुद्रात शिडाची जहाजे, मधूनच एखादा अक्राळविक्राळ मासा. पण त्यांतल्या पूर्वेची माहिती आली कुठून, हे शोधू लागलो की एक वाट थेट आपल्या जुन्या गोव्यात येऊन पोचते.

या परंपरेचा आरंभ तसा हॉलंडमधला नव्हे, आजच्या बेल्जियममधल्या अँटवर्पचा. तिथे अब्राहम ऑर्टेलियसने १५७० साली एकाच मापाचे ५३ नकाशे एका ग्रंथात बांधून छापले. ‘अ‍ॅटलास’ हे नाव मात्र मर्केटरने दिलेले. त्याचा तो ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १५९५ मध्ये निघाला. मध्यंतरी, १५८५ मध्ये, अँटवर्प स्पेनच्या हाती पडले आणि प्रॉटेस्टंट व्यापारी, छापखानेवाले, तांब्याच्या पत्र्यावर उलटी अक्षरे कोरणारे कारागीर उत्तरेकडे निघाले. अ‍ॅम्स्टरडॅमचे भाग्य उजळले ते असे.

कारागीर होते, यंत्रे होती, पैसाही होता. उणीव होती ती पूर्वेच्या समुद्राच्या माहितीची. ती पोर्तुगिजांकडे कडीकुलपात होती. त्यांच्या राजाने १५०४ पासूनच दर्यावर्दी नकाशांवर बंधने घातली होती. आणि गंमत अशी, की त्यांतले काही अतिशय देखणे नकाशे खुद्द गोव्यात तयार होत होते! फेर्नांव वाझ दोराद हा नकाशाकार इथे राहून काम करी. त्याचा जन्मही इथलाच असावा असे मानतात. त्याने चर्मपत्रावर रंगवलेला १५७१ चा संग्रह आज लिस्बनच्या तोर्रे दो तोंबो दप्तरखान्यात आहे. पण हाताने काढलेली अशी प्रत पाहणार कोण? राजा, व्हाईसरॉय आणि फार तर एखादा बडा सरदार. गोव्याचा एवढा मोठा कलावंत गोव्यालाच अपरिचित राहिला, त्याचे एक कारण मला यातच दिसते.

१५८३ मध्ये यान हुयगेन वान लिन्शॉटेन नावाचा विशीतला डच तरुण गोव्यात उतरला. आर्चबिशप व्हिसेंत द फोन्सेका यांच्या पदरी तो चिटणीस होता. पाच वर्षे त्याने डोळे उघडे ठेवले, कान उघडे ठेवले आणि लेखणी चालू ठेवली. बाजारातला लिलाव, पालख्या, ब्राह्मण, वाणी, मसाल्याचे भाव, जहाजांचे मार्ग, काहीच सोडले नाही. त्याला कोणी हेर म्हणतात. मला तो हेरापेक्षा चौकस कारकून वाटतो, आणि कारकून हेरापेक्षा जास्त टिपून ठेवतो!

मायदेशी परतल्यावर त्याचा ‘इतिनेरारियो’ १५९६ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमला कॉर्नेलिस क्लासने छापला. त्यात पोर्तुगीज नकाशांवरून केलेले नकाशे होते आणि गोवे शहराचा मोठा आराखडाही होता: मांडवी, तिच्यातली जहाजे, चर्च, रस्ते. त्याचा जलमार्गांवरचा भाग तर आदल्याच वर्षी निघाला होता. मलाक्काची पोर्तुगीज वाट टाळून सुंदा सामुद्रधुनीने जावे, असे त्यात सुचवले होते. हौटमनची चार जहाजे १५९५ मध्ये निघाली आणि त्याच वाटेने पुढच्या वर्षी बांतामला पोचली. एकट्या लिन्शॉटेनला सगळे श्रेय देणे बरोबर नाही. प्लान्सियसने पोर्तुगीज नकाशाकार लासोचे नकाशे १५९२ मध्येच मिळवले होते. पण गुपित छापले गेले की ते गुपित उरत नाही, हे पोर्तुगिजांना फार महागात पडले. १६०२ मध्ये डच कंपनी स्थापन झाली आणि १६३० च्या दशकाच्या अखेरीस तिचे आरमार मांडवीच्या मुखाशी नाकेबंदी करून उभे होते.

पुढे डचांनीही तेच केले. ब्लाऊ घराण्यातले बापलेक कंपनीचे नकाशाकार होते. यान ब्लाऊचा ११ खंडांचा ‘अ‍ॅटलास मायोर’ १६६२ मध्ये निघाला. श्रीमंतांच्या दिवाणखान्यात मिरवायचा ग्रंथ तो. कंपनीच्या जहाजांवरचे खरे कामाचे नकाशे मात्र हस्तलिखितच राहिले, सफर संपली की परत करायचे.

जुन्या गोव्यात आज पोफळी-माडांच्या मध्ये मोजकी चर्च उभी आहेत. रुआ दिरैता कुठून कशी जायची, बाजार कुठे भरायचा, हे बघायचे तर लिन्शॉटेनचा आराखडाच पुढे ओढावा लागतो.