आगळीक
आगळीक (स्त्री.) : मर्यादा किंचित ओलांडणारे वर्तन. ‘आगळा’ (अधिक, वेगळा) यावरून. चूक नकळत होते, आगळीक बहुधा जाणूनबुजून केली जाते. हेदवीच्या (ता. गुहागर, जि. रत्नागिरी) बामणघळीत भरतीचे पाणी अरुंद भेगेत शिरून उंच उसळते, तेव्हा फोटोसाठी घळीच्या काठावर जाणे ही अस्सल आगळीक. शेजाऱ्याचा बांध कोरणे मात्र कोकणात इतक्या सौम्य शब्दात बसत नाही; तिथे थेट दावाच लागतो. वृत्तपत्रे सीमेवरील गोळीबारालाही आगळीक म्हणतात, हा शब्दावर अन्याय आहे. उलट, आगळिकीतून झालेली हानी सामान्य माणूस तक्रार करणार नाही इतकी क्षुल्लक असेल, तर कायदाही ती गुन्हा मानत नाही (पूर्वी भारतीय दंड संहिता, कलम ९५; १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, कलम ३३).