विद्युत सुरक्षा आणि तापमान-प्रकाश सेन्सर (कासारवाडी औद्योगिक परिसर)

कारखान्यातील माणसाला विजेचा धक्का, भाजणे, आग आणि यंत्राचा अपघात यांपासून वाचवण्यासाठी केलेली व्यवस्था म्हणजे औद्योगिक विद्युत सुरक्षा. विजेतला बिघाड पुष्कळदा आधी उष्णतेच्या आणि कधी प्रकाशाच्या रूपाने प्रकट होतो. म्हणून तापमान व प्रकाश ओळखणारे सेन्सर या व्यवस्थेत महत्त्वाचे ठरतात. सेन्सर यंत्र थांबवू शकतो. त्यामुळे यंत्राचा वीजपुरवठा मात्र तुटत नाही. हा भेद न कळल्याने होणारे अपघात टाळता येण्याजोगे असतात.

परिसर : कासारवाडी हे पुणे-मुंबई लोहमार्गावर दापोडी आणि पिंपरी यांच्या मधले स्थानक. जुन्या पुणे-मुंबई रस्त्यापासून नाशिककडे जाणारा रस्ता येथील नाशिक फाट्यावर फुटतो आणि भोसरीमार्गे चाकणच्या कारखान्यांकडे जातो. वाफ व प्रक्रिया-नियंत्रणाची उपकरणे बनवणाऱ्या फोर्ब्स मार्शल कंपनीचा कारखाना कासारवाडीत आहे. पिंपरी-चिंचवड महापालिकेची मुलींची औद्योगिक प्रशिक्षण संस्थाही येथेच आहे. 6 मार्च 2022 रोजी सुरू झालेल्या पिंपरी ते फुगेवाडी मेट्रो टप्प्यावर कासारवाडी स्थानक येते. रेल्वे आणि मेट्रो या दोन्हींच्या तारांमध्ये 25,000 व्होल्टचा दाब असतो, तर आसपासच्या वर्कशॉपमध्ये 230 व 415 व्होल्टवर काम चालते. प्राणघातक ठरायला यांतला लहान आकडाही पुरेसा आहे.

विजेचा धक्का : इजा किती होईल हे शरीरातून किती प्रवाह गेला आणि किती वेळ गेला यावर ठरते. साधारण 1 मिलिअँपिअरला झिणझिण्या जाणवतात. 10 मिलिअँपिअरच्या आसपास स्नायू आखडतात आणि हातातली वस्तू सोडवत नाही. 50 मिलिअँपिअरच्या पुढचा प्रवाह थोडा वेळ टिकला तरी हृदयाची लय बिघडू शकते. घामाने किंवा पावसाने भिजलेल्या शरीराचा रोध 1,000 ओहमच्या आसपास येतो. तेव्हा 230 व्होल्टला सुमारे 230 मिलिअँपिअर प्रवाह वाहू शकतो. 16 अँपिअरचा एमसीबी एवढ्या प्रवाहाने पडत नाही, कारण तो वायरिंगच्या रक्षणासाठी असतो. माणसासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांत फरक पडला की तो पुरवठा तोडतो. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल आल्यास मात्र गळतीच नसते, त्यामुळे आरसीसीबीला काही कळत नाही.

अर्थिंग : मोटार किंवा पॅनलच्या धातूच्या अंगाला फेज लागल्यास प्रवाहाला जमिनीत जाण्यासाठी कमी रोधाची वाट मिळावी, म्हणजे फ्यूज किंवा ब्रेकर ताबडतोब तुटतो. 250 व्होल्टवरील स्थिर यंत्रांच्या चौकटीला दोन स्वतंत्र अर्थिंग जोडण्या देणे नियमाने आवश्यक आहे. पुण्याच्या परिसरात मातीचा थर पुष्कळ ठिकाणी पातळ असून खाली बेसॉल्टचा कातळ लागतो. उन्हाळ्यात माती सुकली की अर्थिंगचा रोध आणखी वाढतो. त्यामुळे खड्ड्यात पाणी घालणे आणि अर्थ टेस्टरने रोध मोजून नोंद ठेवणे, ही कामे मे महिन्यात तर मुळीच टाळू नयेत.

तापमान सेन्सर : भट्टी, प्लास्टिक मोल्डिंग मशीन, पेंटचा ओव्हन आणि मोटार येथे चार प्रकार प्रामुख्याने वापरले जातात.

थर्मोकपल म्हणजे दोन भिन्न धातूंच्या तारांचा सांधा. त्याची दोन टोके वेगळ्या तापमानाला असली की सूक्ष्म व्होल्टेज निर्माण होते. हा परिणाम 1821 मध्ये सीबेक यांनी नोंदवला. ‘के’ प्रकारात दर अंश सेल्सिअसला सुमारे 41 मायक्रोव्होल्ट मिळतात. 800 अंशांना ते सुमारे 33.3 मिलिव्होल्ट होतात. ही मोजणी पॅनलमधील थंड टोकाच्या तुलनेत होते, म्हणून त्या टोकाचे तापमान हिशेबात धरावे लागते. जोडणीला साधी तांब्याची वायर वापरली तर भट्टीचा आकडा चुकतो.

पीटी-100 मध्ये प्लॅटिनमचा रोध 0 अंशाला 100 ओहम आणि 100 अंशांना 138.5 ओहम असतो. एका अंशाला जेमतेम 0.385 ओहमचा फरक पडत असल्याने वायरचा 1 ओहम रोधही वाचनात अडीच अंशांहून अधिक चूक घडवतो. ही चूक काढण्यासाठी तीन किंवा चार वायरींची जोडणी करतात.

थर्मिस्टर हा अर्धवाहक पदार्थाचा रोधक असतो. एनटीसी प्रकारात तापमान वाढले की रोध घटतो. पीटीसी प्रकारात ठरावीक तापमानाला रोध एकदम उसळतो. मोटारीच्या वाइंडिंगमध्ये असे तीन पीटीसी ओळीने बसवतात. एक फेज जरी तापला तरी रिले कॉन्टॅक्टर पाडतो.

इन्फ्रारेड कॅमेरा स्पर्श न करता पृष्ठभागाचे तापमान दाखवतो. चालू पॅनलमधला सैल बोल्ट किंवा करपू लागलेला लग त्यात उजळ दिसतो.

प्रकाश सेन्सर : एलडीआरचा रोध अंधारात लाखो ओहम, तर उजेडात काही शे ओहम होतो. तो संथ असल्याने रस्त्यावरच्या दिव्यांना चालतो. फोटोडायोडमध्ये प्रकाशकणांमुळे विद्युतभार मोकळे होतात आणि प्रकाशाच्या प्रमाणात प्रवाह मिळतो. तो मायक्रोसेकंदांत प्रतिसाद देतो. पॅनलमध्ये विजेची ठिणगी भडकल्यास तिचा झोत ओळखून काही मिलिसेकंदांत ब्रेकर पाडणारे आर्क-फ्लॅश रिले प्रकाश सेन्सरवरच चालतात.

प्रेस शॉपमध्ये लाइट कर्टन वापरतात. त्याच्या किरणांत हात आला की रॅम थांबतो. पडदा डायपासून किती दूर हवा, याचा हिशेब आहे. हाताचा वेग सेकंदाला 2,000 मिलिमीटर धरतात. प्रेस थांबायला 0.1 सेकंद लागत असेल, तर बोट ओळखणारा 14 मिलिमीटर क्षमतेचा पडदा किमान 200 मिलिमीटर दूर हवा. ब्रेक झिजून थांबण्याचा वेळ वाढला की हे अंतरही वाढवावे लागते. पिन-क्लच प्रेसचा रॅम फेरा पूर्ण केल्याशिवाय थांबत नाही, म्हणून तिथे लाइट कर्टन निरुपयोगी असतो. तिथे डायभोवती पक्के गार्ड हवे.

बिघाडाची सुरक्षित बाजू : सेन्सरची वायर तुटली तर यंत्र बंद पडले पाहिजे, अशी रचना हवी. थर्मोकपल तुटल्यास नियंत्रकाने तापमान कमाल समजून हीटर बंद करावा. पीटीसीची वायर तुटली की रोध वाढल्यासारखे होऊन मोटार थांबते. 4 ते 20 मिलिअँपिअरच्या संकेतात 4 हा शून्याचा आकडा ठेवतात, म्हणजे 0 आले की वायर तुटल्याचे लगेच कळते. उत्पादन अडू नये म्हणून सेन्सरला वायरने बायपास करणे म्हणजे ही सारी रचना मोडून माणसाला धोक्यात ढकलणे होय.

दुरुस्तीचा क्रम : सेन्सर बहुधा 24 व्होल्ट डीसीवर चालतो, पण त्याच पॅनलमध्ये 415 व्होल्ट असतात. सेन्सर किंवा इमर्जन्सी बटनाने थांबलेल्या यंत्रात पुरवठा हजर असू शकतो. त्यामुळे मेन स्विच बंद करणे, त्याला स्वतःचे कुलूप व नावाची पाटी लावणे, चावी स्वतःजवळ ठेवणे आणि मीटरने तपासणे हा क्रम पाळावा. तपासणीच्या आधी व नंतर तोच मीटर चालू पुरवठ्यावर लावून तो ठीक असल्याची खात्री करावी. मोटारीचा वेग नियंत्रित करणाऱ्या ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये सुमारे 560 व्होल्ट काही मिनिटे साठून राहतात, तेवढे थांबावे.

कायदा व प्रथमोपचार : 1956 चे भारतीय विद्युत नियम, 2003 चा विद्युत अधिनियम आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे 2010 व 2023 चे सुरक्षा विनियम हे या क्षेत्रातील कायद्याचे टप्पे आहेत. अधिनियमाच्या कलम 161 नुसार विजेच्या अपघाताची सूचना द्यावी लागते, तर कलम 162 मध्ये विद्युत निरीक्षकांच्या नेमणुकीची तरतूद आहे. कोणी विजेला चिकटल्यास आधी पुरवठा तोडावा. तोवर त्याला हात लावू नये. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यावर मिनिटाला 100 ते 120 दाब द्यावेत आणि 108 वर रुग्णवाहिका बोलवावी. प्रत्येक पाळीत हे प्रथमोपचार येणारा निदान एक माणूस असलाच पाहिजे, आणि पॅनल उघडण्याआधी कुलूप लावल्याशिवाय कोणत्याही सुपरवायझरने कामगाराला आत हात घालायला सांगू नये.