बारा खेळाडू आणि एक पत्र

(या भागाचं शब्दांकन. बोलताना जिथे अडखळलो तेवढं काढून टाकलंय, बाकी जसंच्या तसं.)

गोव्याला रेल्वेने गेला असाल तर 'वास्को द गामा' हे स्टेशन तुम्हाला माहीत असणार. आज याच नावाच्या एका फुटबॉल क्लबची गोष्ट सांगतोय. क्लब मात्र गोव्यातला नाही, ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरोचा आहे.

1898 साली रिओतल्या पोर्तुगीज स्थलांतरितांनी होड्या वल्हवण्याच्या शर्यतींसाठी एक क्लब काढला. वास्को द गामाच्या भारतात येण्याला त्या वर्षी 400 वर्षं होत होती, म्हणून क्लबला त्याचं नाव दिलं. म्हणजे बघा, ज्याच्या मागोमाग आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांची सत्ता आली, त्याचं नाव लावणारा हा क्लब. आणि वर्णभेदाला ठाम नकार दिला म्हणून आज तोच ओळखला जातो.

आता थोडी पार्श्वभूमी. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली 13 मे 1888 ला. अमेरिका खंडात सगळ्यात शेवटी. त्यानंतर काही वर्षांतच फुटबॉल आला, तो युरोपात शिकून परतलेल्या श्रीमंत घरांतल्या मुलांबरोबर. रिओतले फ्लुमिनेन्से, बोताफोगो, फ्लामेंगो हे मोठे क्लब म्हणजे उच्चभ्रू गोऱ्या कुटुंबांचे अड्डे. अपवाद होते. बांगू नावाच्या कापड गिरणीच्या क्लबकडून 1905 मध्येच फ्रान्सिस्को कारेगाल हा कृष्णवर्णीय खेळाडू खेळला होता. त्यामुळे 'वास्कोने पहिल्यांदा कृष्णवर्णीय खेळवले' असं जे सरसकट सांगितलं जातं, ते बरोबर नाही.

मग वास्कोने वेगळं काय केलं? तर ते जिंकले!

1922 मध्ये वास्कोने दुसरी श्रेणी जिंकली आणि 1923 मध्ये वरच्या श्रेणीत आले. संघात कृष्णवर्णीय, मिश्रवर्णीय आणि गरीब गोरे. कोणी ड्रायव्हर, कोणी रंगारी, कोणी गोदी कामगार. रामोन प्लातेरो नावाच्या उरुग्वेच्या प्रशिक्षकाने त्यांच्याकडून इतकी धावपळ करून घेतली, की उत्तरार्धात समोरचा संघ दमायचा आणि हे पळतच राहायचे. पहिल्याच वर्षी रिओचं विजेतेपद यांच्याकडे.

चार-दोन कृष्णवर्णीय एखाद्या गिरणीच्या संघात खेळताहेत, तोवर कोणाला त्रास नव्हता. ते चषक घेऊन जायला लागले आणि मग नियम आठवले. 1924 मध्ये मोठ्या क्लबांनी वेगळं होऊन 'अमेआ' नावाची नवी संघटना काढली. वास्कोला सांगण्यात आलं, यायचं तर या, पण 12 खेळाडू वगळून.

कारण काय दिलं? 'त्वचेचा रंग' असं कुठेही नाही. खेळाडूचा कामधंदा काय, त्याला पैसे कोण देतं, त्याला लिहिता-वाचता येतं का, क्लबकडे चांगलं मैदान आहे का, असल्या चौकश्या. आम्ही सॉफ्टवेअरवाले हे लगेच ओळखतो. फिल्टरमध्ये 'रंग' नावाचा रकानाच नाही, पण अटी अशा लावायच्या की गाळून नेमके तेच बाहेर पडतील. गुलामगिरी संपून जेमतेम 36 वर्षं झालेल्या देशात शिक्षण आणि बरी नोकरी कोणाकडे नसणार, हे काय कोणाला माहीत नव्हतं?

एक गोष्ट मान्य करायला हवी. खेळाडूंना आडमार्गाने पैसे दिल्याचा आरोप अगदी खोटा नव्हता. पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या दुकानांत त्यांच्या नावापुरत्या नोकऱ्या असायच्या, जिंकल्यावर बक्षिसी मिळायची. पण हौशी खेळाडू म्हणून राहणं कोणाला परवडतं? ज्याच्या घरी चूल पेटायची चिंता नाही त्याला.

7 एप्रिल 1924 ला क्लबचे अध्यक्ष जुझे आगुस्तो प्रेस्तेस यांनी अमेआला पत्र लिहिलं. मोजकं, अतिशय सभ्य भाषेतलं. आशय असा, की ही आमची तरुण मुलं आहेत, त्यांनी आम्हाला विजय मिळवून दिलाय, त्यांना बाजूला करून आम्हाला आत यायचं नाही. आम्ही येत नाही. बस्स! वर्णभेद हा शब्द त्या पत्रातही नाही. पण 12 जणांना काढून स्वतःची जागा पक्की करणं सोपं असताना ते केलं नाही. ब्राझीलमध्ये हे पत्र 'ऐतिहासिक उत्तर' म्हणून ओळखलं जातं.

त्या वर्षी वास्को जुन्याच संघटनेत खेळले आणि जिंकले. 1925 मध्ये अमेआने त्यांना आत घेतलं. मैदान नाही म्हणता? चाहत्यांनी वर्गणी काढली आणि 21 एप्रिल 1927 ला साओ जानुआरिओ हे भलंमोठं स्टेडियम उभं राहिलं.

गोष्ट इथे संपवली असती तर छान वाटलं असतं. पण 1950 चा विश्वचषक आठवा. माराकानावर उरुग्वेने ब्राझीलला 2-1 ने हरवलं. खापर मुख्यतः फुटलं तीन कृष्णवर्णीय खेळाडूंवर, आणि सगळ्यात जास्त गोलकीपर बार्बोझावर. तो वास्कोचाच. 2000 साली वारला, तोपर्यंत तो गोल त्याच्या नावावरून पुसला गेला नाही.

संघात जागा मिळणं ही एक गोष्ट. आणि इतरांसारखंच चुकायची मुभा मिळणं ही दुसरी. 1924 च्या पत्राने पहिली मिळवून दिली. दुसरीसाठी एक पत्र पुरत नाही.

तुमच्या शाळेत, ऑफिसात, सोसायटीत असा रंग, जात न लिहिता लावलेला एखादा नियम आठवतोय का? जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!