थांबविणारी गोळी

आत्मरक्षणाच्या शस्त्राची चर्चा निघाली म्हणजे रिव्हॉल्व्हर कोणते, हेच बहुधा विचारले जाते. काडतुसाचा विचार मागे राहतो. वास्तविक प्रश्न दोन आहेत. गोळी समोरच्या माणसाला थांबवील काय? आणि त्याच्या देहातच ती राहील काय? इतिहासाला पहिला प्रश्न आधी सुचला, दुसरा फार उशिरा, असे आम्हांस दिसते.

सरहद्दीवरचा टोळीवाला साधी गोळी लागूनही अंगावर धावून येतो, अशी इंग्रज अधिकाऱ्यांची तक्रार होती. म्हणून १८९० नंतरच्या दशकात कलकत्त्याजवळील डमडमच्या कारखान्यात उघड्या टोकाची रायफलची गोळी निघाली. देहात शिरताच ती पसरे. १८९८ मध्ये ब्रिटिश सैन्याने वेब्ली रिव्हॉल्व्हरसाठीही पोकळ तोंडाची शिशाची गोळी स्वीकारली. तिला ‘मॅनस्टॉपर’, म्हणजे माणूस थांबविणारी, हे नाव पडले. परंतु १८९९ च्या हेग परिषदेने देहात पसरणाऱ्या गोळ्या युद्धात निषिद्ध ठरविल्या आणि ‘मॅनस्टॉपर’ मागे घ्यावी लागली.

तिकडे फिलिपीन्समध्ये मोरो लढवय्यांपुढे अमेरिकनांचे ०.३८ इंची रिव्हॉल्व्हर अपुरे पडले. १९०४ मध्ये थॉम्पसन व लागार्ड या सेनाधिकाऱ्यांनी गुरांवर आणि मृतदेहांवर प्रयोग केले. निष्कर्ष निघाला, की लष्करी गोळीचा व्यास ०.४५ इंचाहून कमी नसावा. गोळी पसरवावी की मुळातच मोठी घ्यावी, असे दोन मार्ग पुढे आले. पण दोहोंत विचार होता तो समोरच्याचाच.

पाठीमागच्याचा विचार शहरांनी करावयास लावला. रणांगणावर शत्रूच्या मागे शत्रूच असतो. रस्त्यावर मात्र एखादे मूल असू शकते. कठीण कवचाची गोळी देह भेदून पार जाते. पसरणारी गोळी बहुधा आतच अडकते. याच कारणाने १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या पोलिसांनी पोकळ टोकाच्या गोळ्या घेण्याचे ठरविले. योगायोग असा, की त्याच वर्षी रोमच्या करारनाम्याने आंतरराष्ट्रीय युद्धात अशाच गोळ्यांचा वापर युद्धगुन्हा ठरविला!

ही विसंगती वरवरची आहे, असे आम्ही म्हणणार नाही. एका नियमाने जखमी होणाऱ्याची यातना मोजली, दुसऱ्याने वाटसरूचा जीव. दोन्ही मोजमापे माणुसकीचीच. म्हणून काडतूस निवडणाऱ्याने त्याच्या जोराइतकाच त्याच्या पल्ल्याचाही हिशेब ठेवावा. सुटलेल्या गोळीची जबाबदारी लक्ष्यापाशी संपत नाही.